डिस्क हातातून सुटण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षा-सुधारणा पुरवणं थांबवलं. बातमी फार गाजली नाही, पण गावोगावच्या कार्यालयांत तिचे परिणाम पुढची काही वर्षं दिसत राहतील. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. २०१६-१७ च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रं या अटीत बसत नाहीत. म्हणजे ती बदलली जाणार.

करमाळा तालुक्यातलं जेऊर घ्या. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं, कुर्डुवाडीच्या अलीकडचं हे स्टेशनचं गाव. आसपासच्या ऊस-केळीच्या पट्ट्यातली माणसं बाजाराला, बँकेला, गाडी पकडायला इथे येतात. अशा गावात ग्रामपंचायत असते, पतसंस्था असते, सेवा केंद्र, कृषी सेवा केंद्र, दवाखाना, फोटो स्टुडिओ, शाळा असते, आणि प्रत्येक ठिकाणी आठ-दहा वर्षं राबलेला एखादा ‘सीपीयू’ असतो. नवा आला की जुना आधी टेबलाखाली जातो, मग माळ्यावर. दिवाळीच्या साफसफाईत कधीतरी तो वजनावर भंगारात निघतो. काटा लोखंडाचं वजन दाखवतो. आत काय भरलंय ते त्यावर येत नाही.

आत काय असतं? सेवा केंद्राच्या संगणकाचं ‘डाउनलोड्स’ फोल्डर एकदा उघडून पाहावं. उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, पॅन कार्डं, बँक पासबुकांची पहिली पानं, अंगठ्याचे आणि सह्यांचे स्कॅन, आणि शेकड्यांनी ई-आधारच्या पीडीएफ. ई-आधारला पासवर्ड असतो हे खरं, पण तो ठरलेला असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ज्याचा दाखला शेजारच्याच फाइलमध्ये आहे त्याचा हा पासवर्ड ओळखायला कसलंही कसब लागत नाही. पतसंस्थेच्या डिस्कवर ठेवीदारांच्या शिल्लका आणि जामीनदारांची नावं असतात, दवाखान्याच्या डिस्कवर सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, शाळेच्या डिस्कवर मुलांच्या जन्मतारखा आणि पालकांचे फोन नंबर. मोठ्या शहरात हे सगळं अनोळखी लोकांचं असतं. जेऊरसारख्या गावात ते ओळखीच्या माणसांचं असतं, आणि म्हणून जास्त बोचतं. कुणावर किती कर्ज आहे, कुणाचा कसला रिपोर्ट आला, हे समजायला इथे गुन्हेगार असावं लागत नाही. डिस्क विकत घेणारा फक्त थोडा चौकस असला तरी पुरतं.

‘पण फॉरमॅट मारून दिला होता’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. ते प्रामाणिक असतं, फक्त पुरेसं नसतं. फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामा केला, अगदी क्विक फॉरमॅट मारला, तरी संगणक डिस्कवरचा मजकूर खोडत नाही. तो फक्त कोणती फाइल कुठे आहे ही यादी खोडतो आणि ती जागा ‘मोकळी’ म्हणून जाहीर करतो. सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं म्हणून रानातला ऊस नाहीसा होत नाही, तसंच हे. नवा मजकूर त्याच जागेवर लिहिला जाईपर्यंत जुना तिथेच उभा असतो, आणि फोटोरेकसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर यादीशिवायही तो शोधून काढतं. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट मात्र प्रत्येक सेक्टरवर शून्यं लिहितो. त्याला तास-दीड तास लागतो, आणि म्हणूनच दुकानात घाईच्या वेळी कुणी तो निवडत नाही.

ही समजूत किती खोलवर रुजली आहे हे अमेरिकेत एमआयटीतल्या सिमसन गार्फिंकेल आणि अभि शेलत या दोन संशोधकांनी दाखवलं. नोव्हेंबर २००० ते ऑगस्ट २००२ या काळात त्यांनी १५८ जुन्या हार्डडिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या. नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. उरलेल्यांत ५००० हून जास्त क्रेडिट कार्डांचे नंबर होते, वैद्यकीय पत्रव्यवहार होता, आणि एक डिस्क तर एटीएम यंत्रातून आलेली होती. बहुतेक विकणाऱ्यांनी काहीतरी पुसलं होतंच. निष्काळजीपणापेक्षा चुकीच्या खात्रीचा भाग त्यात मोठा होता.

पुढची वीस वर्षं पाहिली तर आणखी एक गोष्ट ठळक दिसते. मोठमोठ्या संस्थांची माहिती फुटली ती पुसण्याची पद्धत कच्ची होती म्हणून क्वचितच. डिस्क न पुसताच कुणाच्या तरी हवाली केली म्हणून जास्त वेळा. इंग्लंडमधल्या ब्रायटन आणि ससेक्सच्या सरकारी रुग्णालय-संस्थेने नष्ट करण्यासाठी बाजूला काढलेल्या सुमारे १००० डिस्कपैकी २०० हून जास्त डिस्क, ज्या माणसाकडे ते काम सोपवलं होतं त्याच्याकडूनच २०१० मध्ये इंटरनेटवरच्या लिलावात पोहोचल्या. त्यांवर हजारो रुग्णांची माहिती होती, त्यात एचआयव्हीच्या रुग्णांचीही. २०१२ मध्ये त्या संस्थेला ३,२५,००० पौंड दंड झाला. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी वित्तसंस्थेची गोष्ट याहून मोठी आहे. २०१६ मध्ये तिने आपली दोन डेटा सेंटरं बंद केली आणि यंत्रं हलवण्याचं काम सामान वाहून नेणाऱ्या एका कंपनीला दिलं. त्या कंपनीला माहिती नष्ट करण्याचा अनुभवच नव्हता. यंत्रं पुढे विकली गेली, तिथून लिलावाच्या संकेतस्थळावर आली. ओक्लाहोमातल्या एका संगणक सल्लागाराने डिस्क विकत घेतल्या आणि २०१७ मध्ये मॉर्गन स्टॅन्लीलाच कळवलं की तुमची माहिती मला दिसतेय. २०२० मध्ये एका नियामकाने ६ कोटी डॉलर आणि २०२२ मध्ये दुसऱ्याने साडेतीन कोटी डॉलर दंड लावला.

दोन्हीकडे डिस्क भरलेली असतानाच दाराबाहेर पडली. पद्धत निवडताना मी हाच निकष सगळ्यात वर ठेवतो. पुसण्याचं काम डिस्क आपल्या ताब्यात असताना, आपल्याच खोलीत झालं पाहिजे. जेऊरला हे दुप्पट लागू आहे, कारण डिस्कचा भुगा करणारी औद्योगिक यंत्रं पुण्या-मुंबईकडे आहेत. तिथवर डिस्क टेम्पोतून, एसटीच्या टपावरून किंवा एखाद्या ओळखीच्याच्या पिशवीतून जाणार. ‘पुण्यात नेऊन श्रेडरमध्ये घालू’ ही योजना कागदावर सर्वांत कडक दिसते. पण तिच्यात माहितीने भरलेली डिस्क कित्येक दिवस गोण्यांत पडून राहते, आणि शेवटी श्रेडरमध्ये किती गेल्या हे मोजायला आपला माणूस तिथे नसतो. भुगा करायचाच असेल तर तो पुसलेल्या डिस्कचा करावा.

पण पुसण्याच्याही आधी एक पायरी आहे, आणि सुरक्षेवर लिहिणारे तिच्यावरून फार भरभर पुढे जातात. या डिस्कवरचं काही राखायचं आहे का?

जेऊरच्या परिसरात हा प्रश्न जिवंत आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, आणि त्याच्या फुगवट्याखाली करमाळा, इंदापूर भागातली कितीतरी गावं गेली. त्या घरांना संपादनाचे निवाडे, वारसनोंदी, प्रकल्पग्रस्ताचे दाखले आजही लागतात, नातवाच्या नोकरीच्या अर्जापर्यंत लागतात. मूळ कागद भिजले, फाटले, वाटणीत एका भावाकडे गेले. मग कुणीतरी सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात ते स्कॅन करून घेतलेले असतात, आणि कधी कधी ती स्कॅनच शेवटची प्रत ठरते. जी डिस्क पुसणं कर्तव्य आहे तिच्यावरच जे कधीच हरवू नये तेही असतं. ग्रामपंचायतीला तर हा नुसता विवेकाचा प्रश्न नाही. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत दप्तराचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ‘अ’ कायम ठेवायचं, ‘ड’ वर्षभरात काढायचं, मधल्यांना आपापली मुदत. २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे, आणि संगणकातली नोंद त्यातून सुटलेली नाही. खत-बियाण्यांच्या दुकानदारालाही जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. तेव्हा आधी बॅकअप, मग तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहणं, आणि त्यानंतरच पुसणं. उघडून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. आणि चौकशी किंवा खटला सुरू असेल तर त्या डिस्कला हात लावायचा नाही. तिथे पुसणं म्हणजे पुरावा नष्ट करणं होईल.

आता पद्धतीकडे. ती डिस्कच्या जातीवर ठरते, म्हणून डबा उघडून पाहिल्याशिवाय काहीच ठरवू नये. गेल्या काही वर्षांत जुन्या यंत्रांना ‘स्पीड वाढावा’ म्हणून २४० जीबीची एसएसडी बसवून घेण्याची लाट आली होती. विंडोज त्या एसएसडीवर गेली आणि जुनी हार्डडिस्क ‘डी ड्राइव्ह’ म्हणून तशीच राहिली. अशा डब्यात दोन डिस्क असतात, दोन्ही वेगळ्या जातीच्या, आणि दोघींना वेगळी वागणूक लागते. धातूची, हातात जड लागणारी ती फिरत्या तबकड्यांची हार्डडिस्क. हलकी, बहुतेकदा पातळ चौकोनी पेटी किंवा रॅमसारखी छोटी पट्टी असेल तर ती एसएसडी.

हार्डडिस्कबद्दल लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. त्या भीतीचा उगम एका चांगल्या शोधनिबंधात आहे. १९९६ मध्ये पीटर गुटमन यांनी दाखवलं की चुंबकीय तबकडीवर नवा मजकूर लिहिल्यावरही जुन्याचा अंधुक माग राहू शकतो, आणि त्या काळच्या वेगवेगळ्या डिस्कसाठी मिळून ३५ वेळा लिहिण्याचा क्रम सुचवला. तो क्रम सगळ्या जातींच्या डिस्क एकत्र धरून केलेला होता. कोणत्याही एका डिस्कला ते सगळे ३५ फेरे कधीच लागणार नव्हते. गुटमन यांनी पुढे स्वतःच हे स्पष्ट केलं आणि नव्या डिस्कसाठी तो क्रम निरर्थक आहे असं सांगितलं. तोवर ‘३५ पास’ सॉफ्टवेअरच्या यादीत कायमचा जाऊन बसला होता. त्याच्या शेजारी अमेरिकी संरक्षण खात्याच्या नावाचा तीन फेऱ्यांचा पर्याय आजही दिसतो. तोही १९९५ च्या एका नियमपुस्तिकेतून आलेला आहे.

मग किती फेरे पुरतात? डिसेंबर २००८ मध्ये हैदराबादला भरलेल्या माहिती-प्रणाली सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तीन संशोधकांनी याचा छडा लावणारा निबंध मांडला. त्यांनी एकदाच वर लिहिलेल्या डिस्कच्या तबकड्या शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. वापरातल्या डिस्कवरचा जुना एक बिट बरोबर ओळखण्याची शक्यता निघाली सुमारे ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवून सांगण्याहून किंचित बरी. एका अक्षराला असे आठ बिट लागतात. आठही बरोबर येण्याची शक्यता एका टक्क्याच्या आत जाते, आणि आधार क्रमांकाच्या बारा अंकांपर्यंत पोहोचेतो ती व्यवहारात शून्य होते. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिका जगभर प्रमाण मानली जाते. २००६ मध्ये निघालेल्या आणि २०१४ व २०२५ मध्ये सुधारलेल्या या मार्गदर्शिकेचंही हार्डडिस्कबाबत म्हणणं हेच आहे की एकदा नीट वर लिहिलं की सामान्य वापरासाठी पुरतं.

वेळेचा हिशेब मांडला की हे किती दिलासादायक आहे ते कळतं. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने ५०० जीबीची डिस्क एकदा पूर्ण लिहायला सुमारे ५००० सेकंद, म्हणजे तासाला वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात. ३५ वेळा लिहायचं तर दोन दिवसांहून जास्त. जेऊरमध्ये दोन दिवस वीज न जाता यंत्र चालेल या भरवशावर कोणी काम काढू नये. तास-दीड तास इन्व्हर्टरवरही निघतो. जो नियम पाळणं अवघड असतं तो पाळला जात नाही. ३५ फेऱ्यांचा दंडक घालून दिलेल्या कार्यालयात शेवटी एकही फेरा होत नाही आणि डिस्क तशीच भंगारात जाते. एक फेरा, पण प्रत्येक डिस्कला, हे मला कितीतरी मोलाचं वाटतं.

साधनं फुकट आहेत. विंडोजमधल्या डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा प्रत्येक सेक्टरवर शून्यं लिहिते. नुसतं ‘क्लीन’ दिलं तर फक्त वरची विभागणी पुसली जाते. हा एका शब्दाचा फरक ध्यानात ठेवावा. पेनड्राइव्हवरून चालू होणारं श्रेडओएस हेही उत्तम आहे, त्यातलं एनवाइप हे सॉफ्टवेअर पुसून झाल्यावर वाचून तपासतं आणि अहवालही देतं. मात्र अशा वेळी पुसायची सोडून बाकी सगळ्या डिस्कच्या वायरी काढून ठेवाव्यात. चुकीची डिस्क निवडली तर ही साधनं तितक्याच इमानदारीने तीही पुसतात.

एसएसडीची गोष्ट वेगळी, आणि इथेच आज बहुतेकांचा घात होतो. एसएसडीत तबकडी नाही, चिपा आहेत. त्या चिपांतल्या प्रत्येक कप्प्याला ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतं, म्हणून आतला नियंत्रक हुशारीने काम वाटून देतो. तुम्ही ‘त्याच जागेवर’ पुन्हा लिहायला सांगितलं तरी तो प्रत्यक्षात नव्या कप्प्यात लिहितो आणि जुना कप्पा सवडीने साफ करायला बाजूला ठेवतो. शिवाय प्रत्येक एसएसडीत बाहेरून न दिसणारे राखीव कप्पे असतात. त्यामुळे बाहेरून कितीही शून्यं ओतली तरी ती जुन्या मजकुरावरच पडतील याची हमी नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो केंद्रातल्या मायकेल वेई आणि सहकाऱ्यांनी हे चिपा सुट्या करून, थेट वाचून दाखवलं. एकेक फाइल ‘सुरक्षितपणे’ पुसण्याच्या पद्धती वापरल्यावरही एसएसडीवर फाइलचा ४ ते ७५ टक्के भाग शिल्लक सापडला. अख्खी डिस्क दोनदा लिहिल्यावर बहुतेक वेळा सगळं गेलं, पण नेहमी नाही.

यावर उपाय डिस्कच्या आतच असतो. कारखान्यातूनच तिच्यात ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘सॅनिटाइज’ नावाची आज्ञा बसवलेली असते. ती मिळाली की नियंत्रक स्वतः सगळे कप्पे, राखीवसुद्धा, साफ करतो, आणि तेही काही मिनिटांत. बऱ्याच एसएसडी उत्पादकांचं स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर असतं, काही मदरबोर्डांच्या बायोसमध्येही हा पर्याय सापडतो. पण त्याच २०११ च्या तपासणीत १२ पैकी फक्त ४ डिस्कनी ही आज्ञा विश्वासाने पाळली, आणि एका डिस्कने तर ‘काम झालं’ असं कळवून सगळा मजकूर जसाच्या तसा ठेवला होता. त्यानंतर उत्पादक सुधारले, मानकं कडक झाली. तरी आज्ञा दिल्यावर डिस्क पुन्हा जोडून फोटोरेकसारख्या सॉफ्टवेअरने काही हाती लागतं का ते पाहणं सोडू नये. हाती काही लागलं तर ती डिस्क चिपांसकट फोडायची, विकायची नाही.

या सगळ्या कटकटीतून सुटण्याचा मार्ग डिस्क नवी असतानाच उघडा असतो: पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, लिनक्समध्ये लक्स, आणि फुकट मिळणारं व्हेराक्रिप्ट सगळीकडे चालतं. डिस्कवर जे जे लिहिलं जातं ते किल्लीशिवाय निरर्थक अक्षरांचा ढीग असतं. डिस्क निवृत्त करताना ती किल्ली नष्ट केली की राखीव कप्प्यांत काय उरलं याची काळजी राहत नाही. डिस्क बिघडून कशालाच दाद देत नसेल, चोरीला गेली असेल, तरी हेच संरक्षण उभं राहतं. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांना काही नामांकित एसएसडींच्या आतल्या अंगभूत एन्क्रिप्शनमध्ये गंभीर दोष सापडले, आणि बिटलॉकर तेव्हा त्यावरच विसंबत होता. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ती सवय बदलली. म्हणून डिस्कच्या भरवशावर न राहता सॉफ्टवेअरकडून एन्क्रिप्शन होतंय ना, हे पाहून घ्यावं. मॉर्गन स्टॅन्लीच्या प्रकरणात नियामकाने नोंदवलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. काही यंत्रांत एन्क्रिप्शनची सोय होती. वर्षानुवर्षं ती कोणी चालूच केली नव्हती.

चुंबकाने डिस्क पुसणारं डीगॉसर यंत्र गावात कोणाकडे नसतं, आणि एसएसडीवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. घरातल्या स्पीकरचा चुंबक डिस्कवर फिरवून तर काहीच साधत नाही.

उरतो हातोडा. डिस्क सुरूच होत नसेल तर तिला आज्ञा देता येत नाही, मग फोडण्यावाचून पर्याय नाही. पण फोडणं म्हणजे काय याचा अंदाज सहसा चुकतो. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीच्या वातावरणात तुकडे होऊन कोसळलं, ज्यात कल्पना चावला होत्या. त्यातली एक ४०० एमबीची हार्डडिस्क सहा महिन्यांनी एका कोरड्या तलावाच्या पात्रात, जळून काळी झालेली सापडली. मिनेसोटातल्या तज्ज्ञांनी तिच्या तबकड्या धुऊन नव्या साच्यात बसवल्या आणि तिच्यातला सुमारे ९९ टक्के मजकूर परत मिळवला. तिच्यावर नोंदवलेल्या एका प्रयोगाचे निकाल २००८ मध्ये प्रसिद्धही झाले. त्या उंचीवरून पडलेली डिस्क वाचली असेल तर वरच्या झाकणावर चार घाव घालून समाधान मानू नये. झाकण उघडून तबकड्या बाहेर काढायच्या. डेस्कटॉपच्या डिस्कमधल्या त्या बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, त्या वाकवून, खरवडून, कापून टाकाव्या लागतात. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये त्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि घावासरशी बारीक चुरा होऊन उडतात, म्हणून चष्मा आणि जाड हातमोजे हवेतच. एसएसडीच्या बाबतीत प्रत्येक काळी चिप स्वतंत्रपणे फुटली पाहिजे. पट्टी मधून मोडली आणि चिप शाबूत राहिली तर मजकूरही शाबूत आहे. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचा गोपनीय माहितीसाठीचा दंडक एसएसडीचे तुकडे २ मिलिमीटरपर्यंत बारीक करण्याचा आहे. पतसंस्थेला इतक्या टोकाला जायची गरज नाही, पण दिशा ती.

जाळायचं मात्र कधीही नाही. सर्किट बोर्डातली ज्वालारोधक रसायनं आणि वायरींवरचं पीव्हीसी उघड्यावर पेटलं की त्यातून डायॉक्सिनसारखे अतिविषारी पदार्थ धुरात मिसळतात आणि उसाच्या पाचटाच्या धुरासारखे विरून जात नाहीत. ते मातीत, चाऱ्यात आणि दुधात उतरतात. पुसलेला किंवा फोडलेला माल ई-कचरा नियमांखाली नोंदणी असलेल्या पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नवे ई-कचरा नियम अशा केंद्रांची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायला लावतात. पावती मागून घ्यावी.

पावतीवरून नोंदीचा मुद्दा येतो, आणि तो मला पद्धतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. सरकारी कार्यालयात जुनी वस्तू काढायची तर जडवस्तू नोंदवहीतून तिचं निर्लेखन होतं. त्या वहीत ‘संगणक संच १’ असं लिहिलेलं असतं, खुर्ची आणि कपाटाच्या ओळीत. आतल्या डिस्कला स्वतःची ओळ नसते, आणि म्हणून ती हरवली तरी वही पूर्ण दिसते. डिस्कच्या लेबलवर छापलेला अनुक्रमांक, जात, कोणत्या पद्धतीने पुसली, कोणी पुसली, कोणी तपासली, पुढे कुठे गेली, आणि दोन वेगवेगळ्या माणसांच्या सह्या, एवढी एक ओळ प्रत्येक डिस्कमागे वाढवायला खर्च काहीच येत नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेला वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होतात, लोकांची माहिती हाताळणाऱ्यावर ती सुरक्षित ठेवण्याची आणि काम संपल्यावर पुसण्याची जबाबदारी टाकतो. पुरेशी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. गावच्या पतसंस्थेवर तेवढा दंड येईल असं नाही, पण काळजी घेतली होती हे दाखवायला हीच एक ओळ कामी येईल.

संगणकाबाहेरच्या डिस्क लोकांच्या लक्षातच येत नाहीत. मोठ्या झेरॉक्स यंत्रात हार्डडिस्क असते आणि काढलेल्या प्रतींच्या प्रतिमा तिच्यावर साठू शकतात. न्यूयॉर्कच्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेने भाड्याची झेरॉक्स यंत्रं डिस्क न पुसता परत केली, आणि ३,४४,५७९ लोकांची माहिती उघडी पडल्याबद्दल २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. जेऊरच्या स्टेशन रस्त्यावरच्या सेकंडहँड झेरॉक्स यंत्राला, सराफाच्या किंवा दवाखान्याच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला हेच लागू आहे. डीव्हीआरमधली डिस्क साधी हार्डडिस्कच असते, काढून संगणकाला जोडली की वरच्याच पद्धतीने पुसता येते.

आणि पुसून झालेली चांगली डिस्क फोडू नये. ही माझी ठाम बाजू आहे. ती बनवायला अ‍ॅल्युमिनियम, तांबं आणि चुंबकातलं निओडिमियम हे दुर्मीळ-मृदा गटातलं मूलद्रव्य लागलेलं असतं, आणि तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत ५०० जीबीची डिस्क आजही नवी वाटते. देण्याआधी तिची स्मार्ट चाचणी पाहावी; क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर ती दाखवतं. त्यातला ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर’चा आकडा शून्य असेल तर डिस्क शाळेत जाऊ द्यावी, नोंदवहीतल्या त्या ओळीच्या प्रतीसह. आकडा मोठा असेल तर थांबावं. खराब म्हणून बाजूला काढलेल्या त्या सेक्टरांपर्यंत बाहेरून लिहिलेली शून्यं पोहोचत नाहीत. हार्डडिस्कलाही आतली सिक्युअर इरेज आज्ञा असते, तिचा ‘एन्हान्स्ड’ प्रकार हे सेक्टरही पुसतो. तो चालवावा आणि तरीही ती डिस्क शाळेत न पाठवता तबकड्या मोडून केंद्राकडे द्यावी, कारण सेक्टर गमावू लागलेली डिस्क मुलांचे निकाल आणि हजेरीपटही फार दिवस सांभाळणार नाही.